मेल खरा की खोटा, हे ठरवायचंच कशाला?

पत्राचा सारांश: पत्रलेखिका ६८ वर्षांच्या, जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी एकट्या राहतात. मुलगा बेंगळुरूला नोकरी करतो. बँक, विमा, आयकर हे सारं यजमान बघत. ते जाऊन दोन वर्षं झाली. गेल्या वर्षी आयकर खात्याकडून ‘विवरणपत्रात त्रुटी आहे, १५ दिवसांत उत्तर द्या’ असा मेल आला. फसवणुकीच्या बातम्या वाचलेल्या असल्यानं त्यांनी तो पुसून टाकला. पुढे सीएंकडून कळलं की मेल खरा होता. ते निस्तरताना बरीच धावपळ झाली. काही आठवड्यांनी दुसरा मेल आला: ‘तुमचा परतावा अडकला आहे, २४ तासांत खात्याची पडताळणी करा.’ त्यात पॅन अचूक होता. पुन्हा तीच चूक नको म्हणून त्यांनी लिंक उघडली, खाते क्रमांक भरला, कार्डाचा नंबर भरला. ओटीपी मागितला तेव्हा मनात पाल चुकचुकली आणि त्या थांबल्या. कार्ड बंद केलं, पैसे गेले नाहीत. मुलगा म्हणतो, ‘आई, यापुढे तू मेल उघडूच नकोस, पासवर्ड मला दे.’ आणि आता तिसरा मेल आला आहे, जो त्यांनी कुणालाच दाखवलेला नाही. त्यात त्यांचा एक जुना पासवर्ड आहे आणि धमकी आहे: कॅमेऱ्यातून तुझं चित्रण केलंय, बिटकॉइनमध्ये पैसे पाठव, नाहीतर सगळ्यांना पाठवीन. त्या विचारतात: खरा मेल आणि खोटा मेल ओळखायचा तरी कसा? शिकलेली बाई असून मी अशी कशी वागले? आणि मुलाचं ऐकून सगळं त्याच्या हाती देऊन टाकू का?

नमस्कार बाई,

तिसऱ्या मेलपासून सुरुवात करते. पत्रात तुम्ही तो अगदी शेवटी, दोन ओळींत उरकलाय, पण तुमची झोप त्यानंच उडवली असावी असं मला वाटतं. त्या माणसाकडे तुमचं कसलंही चित्रण नाही. हा मेल कुणी बसून तुम्हाला लिहिलेला नाही. हाच मजकूर, फक्त पासवर्ड बदलून, एकाच वेळी असंख्य पत्त्यांवर धाडला जातो. २०१८ साली जगभर त्याची मोठी लाट आली होती आणि तेव्हापासून तो अधूनमधून येतच असतो. पासवर्ड त्यांना तुमच्या लॅपटॉपमधून मिळालेला नसतो. कधीकाळी एखाद्या संकेतस्थळावर तुम्ही किंवा यजमानांनी खातं उघडलेलं असतं, त्या कंपनीकडची माहिती चोरीला जाते आणि त्या याद्या पुढे विकल्या जातात. लिंक्डइन या नोकरी-व्यवसायाच्या संकेतस्थळावरून २०१२ मध्ये चोरीला गेलेली माहिती २०१६ मध्ये विक्रीला आली, तेव्हा त्यात ११ कोटींहून जास्त खात्यांचे तपशील होते. म्हणजे पासवर्ड तेवढा खरा, बाकी सगळा बनाव. चित्रण खरंच हाती असतं, तर धाक घालायला त्यातला एखादा फोटो तरी त्यानं जोडला असता.

पैसे पाठवू नका, उत्तरही देऊ नका. तो जुना पासवर्ड अजून कुठे चालू असेल तर आजच बदला. आणि मुलाला सांगा. असल्या मेलबद्दल मुलाशी बोलायला संकोच वाटणं साहजिक आहे, पण पाठवणाऱ्याची सगळी भिस्त त्या संकोचावरच असते. ‘आई, असले मेल मलाही येतात’ असं तो म्हणाला तर मला नवल वाटणार नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न: ओळखायचं कसं? बाई, या प्रश्नात एक गोष्ट धरून चाललेली आहे. मेलकडे पुरेसं बारकाईनं पाहिलं की तो खरा की खोटा ते कळतं, आणि ज्याला कळत नाही तो कुठेतरी कमी पडतो. मला हे मान्य नाही.

पूर्वी खुणा सांगता यायच्या. चुकीचं इंग्रजी, धेडगुजरी मराठी, वाकडंतिकडं बोधचिन्ह. आता मजकूर लिहून देणारी साधनं भामट्यांच्याही हाती आहेत, मराठी मेलसुद्धा शुद्ध येतात, आणि बोधचिन्ह खात्याच्या संकेतस्थळावरून उचलायला क्षणभरही लागत नाही. पॅन बरोबर होता म्हणून विश्वास बसला, असं तुम्ही लिहिता. पण पॅनच्या किती झेरॉक्स आजवर किती टेबलांवर दिल्यात, आठवून पाहा. पॅन, जन्मतारीख, पत्ता ही माहिती तुमची खासगी आहे, पण ती फक्त तुम्हालाच ठाऊक आहे असं समजण्यात अर्थ नाही. ब्राउझरमध्ये पत्त्याशेजारी कुलपाचं चिन्ह दिसतं, त्यावरही लोक भरवसा ठेवतात. तुमच्यात आणि त्या पानात जी देवाणघेवाण होते ती वाटेत तिसऱ्याला वाचता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. पान भामट्याचं असलं तरी तिथे ते चिन्ह दिसू शकतं.

पाठवणाऱ्याचा पत्ता मात्र जरूर पाहावा. नाव नव्हे, पत्ता. मोबाइलवर नावावर बोट ठेवल्याशिवाय तो बहुतेकदा दिसतच नाही. त्यात शेवट महत्त्वाचा. आयकर पोर्टलचे मेल ‘इन्कमटॅक्स डॉट जीओव्ही डॉट इन’ने संपणाऱ्या पत्त्यांवरून येतात, आणि ‘जीओव्ही डॉट इन’ हा शेवट सरकारी यंत्रणांसाठीच राखलेला आहे. रिझर्व्ह बँकेनं बँकांसाठीही आता ‘डॉट बँक डॉट इन’ हा राखीव शेवट आणला. बँकांनी ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपली संकेतस्थळं तिकडे न्यावीत असा तिचा आदेश होता. पत्त्यात सुरुवातीला ‘इन्कमटॅक्स’ आणि शेवटी भलतंच काहीतरी, ही भामट्यांची ठरलेली रीत. शेवट भलता दिसला तर मेल बाजूला ठेवायला तेवढं कारण पुरे. पण शेवट बरोबर दिसला म्हणून मेल खरा, असं उलट धरून चालू नका. पाठवणाऱ्याचा पत्ता बनावट लावता येतो, आणि खऱ्या माणसाचं मेलखातंच चोराच्या ताब्यात गेलेलं असू शकतं.

कारखान्यांतल्या हिशेबनिसांना हे चांगलं ठाऊक असतं. पुरवठादाराशी चाललेल्या मेलच्या त्याच साखळीत, त्याच्याच पत्त्यावरून मेल येतो: ‘आमचं बँक खातं बदललंय, या वेळचं बिल नव्या खात्यात भरा.’ पत्ता खरा, बिलाचा आकडा खरा, खालची सहीसुद्धा नेहमीची. खाते क्रमांक तेवढा चोराचा. अशा मेलकडे तासभर टक लावून पाहिलं तरी काही हाती लागत नाही.

तुम्ही शाळा चालवलीत. दुपारच्या वेळी एक अनोळखी माणूस चिठ्ठी घेऊन आला असता, ‘घरी अडचण आहे, मुलीला याच्याबरोबर पाठवा’, तर तुम्ही चिठ्ठीतलं अक्षर निरखत बसला असतात का? चिठ्ठीवर लिहिलेल्या नंबरवर फोन लावला असतात का? नाही. शाळेच्या रजिस्टरमध्ये पालकांचा जो नंबर आहे, त्यावर लावला असतात. मुलीला तोवर वर्गातच बसवलं असतंत. आणि चिठ्ठी फाडून विसरूनही गेला नसतात, कारण घरी खरंच अडचण असू शकते.

मेलच्या बाबतीत याहून वेगळं काही करायचं नाही. मेलमध्ये जे सांगितलंय ते खरं आहे का, हे मेलच्या बाहेर, आपल्या ओळखीच्या वाटेनं जाऊन पाहायचं. मेल खरा की खोटा याचा निकाल लावायची जबाबदारी तुमच्यावर नाहीच. तुमच्या दोन्ही वेळच्या निर्णयांकडे पाहा. पहिल्या वेळी तुम्ही अविश्वासानं मेल पुसलात, दुसऱ्या वेळी विश्वासानं लिंक उघडलीत. वागणं उलटसुलट, पण दोन्ही वेळा ठरवलंत ते मेलकडे बघूनच. ‘काही उघडूच नकोस’ हा मुलाचा सल्ला पाळला असता, तरी पहिली चूक झालीच असती.

आयकराच्या बाबतीत ही ओळखीची वाट सोपी आहे. मेल तसाच राहू द्या. त्यातली लिंक, जोडलेली फाइल, दिलेला फोन नंबर, कशालाच हात लावू नका. ब्राउझरमध्ये पोर्टलचा पत्ता स्वतः टाइप करा आणि लॉगिन करा. तिथे ‘पेंडिंग अ‍ॅक्शन्स’खाली ‘ई-प्रोसिडिंग्ज’ असं एक पान आहे. तुमच्यासारखी त्रुटीची नोटीस निघाली असेल तर ती तिथे दिसते आणि तिचं उत्तरही तिथूनच देता येतं. शिवाय १ ऑक्टोबर २०१९ पासून खात्याच्या पत्रांवर आणि नोटिशींवर एक दस्तऐवज क्रमांक असावा लागतो. सीए मंडळी त्याला ‘डिन’ म्हणतात. तो क्रमांक खरा आहे का, हे पोर्टलच्या पहिल्याच पानावर, लॉगिन न करता तपासता येतं. हे एकदा सीएंच्या समोर बसून, माउस आपल्या हातात घेऊन करून पाहा. दुसऱ्यानं करून दाखवलेलं लक्षात राहत नाही, हे मी एका शिक्षिकेला सांगायला नको.

परताव्याचंही सांगते, कारण याच बाबतीत तुमच्यासारखी पुष्कळ पत्रं येतात. परतावा पोर्टलवर आधी पडताळलेल्या बँक खात्यातच जमा होतो. खात्याची पडताळणी राहिली असेल तर तो खरोखर अडकतो, आणि पोर्टलवर जाऊन पुन्हा मागावा लागतो. म्हणजे ‘परतावा अडकला आहे’ ही बातमी खरीही असू शकली असती, आणि म्हणूनच खोटा मेल इतका पटतो. पण परताव्यासाठी कार्डाचा नंबर, सीव्हीव्ही (कार्डामागचे तीन आकडे), पिन किंवा बँकेचा ओटीपी कधीच लागत नाही. पैसे देण्याच्या नावाखाली कुणी कार्डाचा नंबर मागितला, की समोर कुणीही असो, तिथेच थांबायचं. यूपीआयचंही तसंच: पिन टाकायचा तो पैसे देताना, पैसे येण्यासाठी नव्हे. ‘१५,४९० रुपयांचा परतावा मंजूर’ हा संदेश २०२३ मध्ये इतका फिरला की केंद्र सरकारच्या पीआयबी फॅक्ट चेकला तो खोटा असल्याचं जाहीर करावं लागलं. ‘ई-पॅन डाउनलोड करा’ या मेलबद्दलही त्यांनी असाच इशारा दिलेला आहे.

‘शिकलेली बाई असून’ हे शब्द तुमच्या पत्रात तीनदा आलेत. मला ते वाचून वाईट वाटलं. तुम्ही लोभानं लिंक उघडली नाहीत आणि अडाणीपणानंही नाही. सरकारी कागदाला वेळेत उत्तर गेलंच पाहिजे, ही नोकरीभर जपलेली सवय तुमच्यात आहे आणि एकदा ती मोडल्याचा सल होता. नेमक्या त्या दिवसांत तो मेल येऊन पडला. असे मेल लाखोंनी सुटतात. विवरणपत्रांच्या हंगामात परताव्याची वाट पाहणारे त्यात हजारोंनी असणारच, आणि त्यातल्या प्रत्येकाला वाटतं की मेल आपल्यालाच उद्देशून आहे. डॉक्टर फसतात, इंजिनिअर फसतात, बँकेतून निवृत्त झालेले अधिकारीही फसतात. एक फरक मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे. खऱ्या नोटिशीनं तुम्हाला १५ दिवस दिले होते, खोट्या मेलनं २४ तास. घाई समोरच्याची असते, आपली नसते. ओटीपीपाशी तुम्ही थांबलात, लगेच कार्ड बंद केलंत, हे काही थोडं नाही.

आता मुलाचं म्हणणं. त्याची काळजी खरी आहे, आणि रोजचा ताप जाईल हेही खरं. तरी पासवर्ड देऊन मोकळं व्हावं, असं मी सांगणार नाही. ओटीपी तुमच्या फोनवर येणार, पेन्शन तुमच्या खात्यात येणार, फोन तुम्हालाच येणार. तो कामात गुंतलेला असताना दारात संकट उभं राहिलं तर निर्णय तुम्हालाच घ्यावा लागेल, आणि वर्षभर मेलकडे न पाहिलेल्या माणसाला तो जास्त जड जातो. शिवाय ‘आई, माझा फोन बिघडलाय, या नंबरवर पैसे पाठव’ असे मेल नि संदेश मुलाच्या नावानंही येतात. मेल कायमचा बंद करावा असंही तुमच्या मनात येतं. आयकर, विमा, पेन्शन सगळंच आता मेलवर येत असल्यानं तो मार्ग उरलेला नाही.

मधला मार्ग मला बरा वाटतो. मेल तुम्हीच वाचायचे. ज्या मेलमध्ये पैसा, पासवर्ड किंवा मुदत यातलं काही असेल, त्यावर पाऊल उचलण्याआधी मुलाला फोन करायचा. तो नसेल तर सीएंना, नाहीतर सकाळी बँकेच्या शाखेत. त्याची परवानगी म्हणून नव्हे. मोठ्यानं सांगताना आपल्यालाच गोष्ट नीट दिसते, म्हणून. आयकर पोर्टलवर तुमच्या प्रोफाइलमध्ये दुसरा संपर्क म्हणून त्याचा मेल पत्ता नोंदवा. मेलखात्याला दोन टप्प्यांची पडताळणी त्याच्याकडून लावून घ्या, म्हणजे पासवर्ड कुणाच्या हाती लागला तरी तेवढ्यानं खातं उघडणार नाही. मेलखात्याचा पासवर्ड दुसरीकडे कुठेही वापरू नका. तो वहीत लिहून कपाटात ठेवला तर माझी काही हरकत नाही. सगळीकडे एकच सोपा पासवर्ड ठेवण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

झालेल्या प्रकारातलं थोडं काम अजून बाकी आहे. खाते क्रमांक आणि कार्डाचा नंबर त्या पानावर भरला होता, हे शाखेत लेखी कळवा आणि पोच घ्या. नेटबँकिंग वापरत असाल तर पासवर्ड बदला. तो खोटा मेल पुसू नका; ‘वेबमॅनेजर अ‍ॅट इन्कमटॅक्स डॉट जीओव्ही डॉट इन’ आणि ‘इन्सिडंट अ‍ॅट सर्ट-इन डॉट ओआरजी डॉट इन’ या पत्त्यांवर पुढे पाठवा. पहिला पत्ता आयकर खात्याचा, दुसरा केंद्र सरकारच्या संगणक सुरक्षेच्या यंत्रणेचा.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणाचे पैसे गेले असतील तर त्यांनी ताबडतोब १९३० वर फोन करावा, बँकेला कळवावं आणि ‘सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन’वर तक्रार नोंदवावी. चोरलेले पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पळवले जातात. काढून घेतले जाण्याआधी तक्रार पोचली तर ते वाटेत रोखता येतात. उद्या सकाळी मुलगा आल्यावर बघू, असं करू नये. रिझर्व्ह बँकेनं २०१७ मध्ये आणलेल्या नियमाप्रमाणे चूक ना ग्राहकाची ना बँकेची, तिसऱ्याच कुणाची असेल आणि ग्राहकानं तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर त्याला तोशीस लागत नाही. ओटीपी किंवा पासवर्ड आपणच दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, कळवल्यानंतरचं बँकेचं. तेव्हा लाज वाटत असली तरी फोन आधी करावा.

एक सावधगिरी मात्र यापुढे बाळगायला हवी. तुमची अर्धवट माहिती त्या लोकांकडे आहे, त्यामुळे काही महिने मेल आणि फोन वाढू शकतात. ‘बँकेतून बोलतोय, तुमचं बंद झालेलं कार्ड सुरू करून देतो’ असं कुणी म्हणेल, मोबाइलचा पडदा त्याला दिसेल असं एखादं अ‍ॅप घ्यायला सांगेल. कुणी पोलीस बनून व्हिडिओ कॉलवर ‘डिजिटल अटक’ केल्याचं सांगेल. तशी अटक आपल्या कायद्यात नाही. फोन ठेवून द्यायचा. आणि खात्री करायला नंबर हवा असेल तर तो गुगलवर शोधू नका, तिथेही बनावट ग्राहक सेवा केंद्रांचे नंबर पेरलेले असतात. बँकेचा नंबर कार्डाच्या मागे आणि पासबुकावर असतो, महावितरणचा वीजबिलावर, विम्याचा पॉलिसीवर. सगळे एका वहीत उतरवून वही फोनजवळ ठेवा.

शेवटी, तुम्ही न विचारलेली एक गोष्ट. सगळे व्यवहार यजमान बघत होते, म्हणजे तुमच्या बँक खात्याला, आयकर पोर्टलला, आधारला किंवा मेलखात्याच्या पुनर्प्राप्तीसाठी त्यांचाच मोबाइल नंबर नोंदवलेला असण्याची शक्यता आहे. वापरात नसलेला नंबर कंपनी बंद करते आणि काही काळानं दुसऱ्या ग्राहकाला देते. मग तुमचे ओटीपी एखाद्या परक्या माणसाच्या फोनवर जायला लागतील. नंबर अजून चालू असेल तर सगळीकडे तुमचा नोंदवून होईपर्यंत त्याचं रिचार्ज चुकवू नका. या आठवड्यात बँकेत जाणारच आहात, तर नंबर बदलण्याचा अर्ज तिथेच भरून द्या. जाताना पासबुक, आधार आणि यजमानांच्या मृत्यूच्या दाखल्याची प्रत बरोबर असू द्या.